बिशपसाहेबांचा पितळी पेला

त्या बिशपसाहेबांना मी कधी पाहिलं नाही. मी जन्मायच्या आधीच ते आपल्या मुलखात परत जाऊन मातीआड झाले होते. तरी ते बूट कसे घालायचे, त्यांचा पांढरा झगा धुऊन कसा यायचा, घोड्यावरून उतरल्यावर आधी काय मागायचे, सगळं मला पाठ आहे. आणि हे मला कळलं कुठं, तर अमेरिकेत. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, माझ्या लेकाच्या शेजारघरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. आमचे हे गेले, आणि लेक मला घेऊन गेला. तो मोटारींच्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला. सून इंजिनिअर झालेली, पण तिच्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती, त्यामुळे ती घरात. म्हणजे आम्ही दोघी घरात आणि बाहेर बर्फ. आठ दिवसांत आमचं बोलायचं सगळं संपलं. मग आम्ही खिडकीतून शेजारच्या बाईकडे बघायला लागलो.

ही शेजारीण ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी, सरळ पाठीची. रोज सकाळी पत्रांची पेटी बघायला बाहेर पडायची. पण पडण्याआधी पायरीवर ठेवलेले बूट उचलायची, उलटे करायची, खांबावर दोनदा आपटायची, आत डोकावून बघायची आणि मगच पाय घालायची. गुडघ्याएवढं बर्फ पडलेलं असलं तरी तसंच. मी सुनेला म्हटलं, "अगं, हे तर आपल्याकडं विंचवासाठी करतात. हिला इथं कुठला विंचू चावणार?"

सुनेला पण नवल वाटलं. एकदा त्या बाईंचं पत्र चुकून आमच्या पेटीत आलं, ते द्यायला आम्ही दोघी गेलो आणि सुनेनं विचारून टाकलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, माझी आई असं करायची म्हणून मी करते, आई तिच्या वडलांचं बघून करायची, आणि त्या आजोबांना तुमच्या देशात दोनदा विंचू चावला होता. चौकशी करता करता निघालं की आजोबा इंग्रज, घाटावर आपल्याच बाजूला पाद्री म्हणून आले, तिथंच म्हातारे झाले, शेवटी बिशप झाले. आईचा जन्म तिकडचा. तिनं पुढं एका अमेरिकन डॉक्टरशी लग्न केलं आणि ती इकडं आली.

बिशप म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. सून म्हणाली, "आई, सगळ्या पाद्र्यांचा साहेब समजा."

त्या दिवसापासून आमचा मंगळवार ठरला. अकरा वाजता आम्ही दोघी तिकडं जायचो. मी डब्यात काहीतरी न्यायची, कधी शंकरपाळे, कधी थालीपीठ. ती चहा करायची, म्हणजे गरम पाण्यात पिशवी बुडवून द्यायची. सुनेच्या मैत्रिणी मला मावशी म्हणायच्या ते ऐकून तीही मला मावशी म्हणायला लागली. वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, पण मावशीच म्हणायची. मी तिला बाई म्हणायची.

तिच्याकडं एक बारीकसं छापील पुस्तक होतं, आजोबा वारल्यावर त्यांच्या चर्चनं काढलेलं. त्यातलं पान-दोन पान ती वाचायची, सून मराठीत सांगायची, आणि मी मधे मधे बोलायची. ते माझ्याच्यानं राहवत नाही.

साहेब चोविसाव्या वर्षी बोटीनं आले. मराठी शिकवायला एक शास्त्रीबुवा यायचे. ते ओट्यावरच बसायचे, आत यायचे नाहीत. साहेबानं हातात पुस्तक दिलं तर घ्यायचे नाहीत, खाली ठेवायला लावायचे आणि मग उचलायचे. घरी जाऊन आंघोळ करायचे. पुस्तकात लिहिलं होतं की शास्त्रीबुवा फार स्वच्छताप्रिय होते. मी हसायला लागले. बाईंना कळेना का हसते. सुनेनं मला टेबलाखालून पाय मारला. मी मनात म्हटलं, म्हणजे ह्या सोवळ्यातल्या लोकांनी साहेबाला पण सोडलं नव्हतं की.

दुष्काळ पडला तेव्हा साहेबानं धान्य वाटलं, पोरकी मुलं सांभाळली, त्यात त्याची बायको तापानं गेली. तिला तिथंच पुरलं. साहेब आठ दिवस कुणाशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी पुन्हा माप घेऊन धान्याच्या पोत्याशी बसला. हे वाचताना बाई थांबायची. तिनं तिची आजी पाहिलेली नव्हती. मी तिचा हात धरून बसायची. तिथं भाषेचं काही अडत नाही.

पन्नाशीत साहेबाला बिशप केलं. मग त्याचं सगळं आयुष्य फिरतीवर. घोडा, तंबू, बैलगाडीवर पत्र्याची पेटी, पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला पांढरा झगा. गावचा परीट साहेबाचा झगा म्हणून नीळ अंमळ जास्तच घालायचा, त्यामुळे साहेब आकाशी रंगाचा होऊन प्रार्थनेला उभा राहायचा. घोड्यावरून उतरला की आधी बसायला नाही, पाणी नाही, त्या गावात वारलेल्यांची नावं विचारायचा आणि वहीत लिहून घ्यायचा. पुस्तकात कौतुकानं दिलं होतं की साहेब गरिबांसारखा भाकरी आणि कच्चा कांदा खाऊन दिवस काढायचा. मी म्हटलं, बाईंना सांग, त्याला दिवस काढणं म्हणत नाहीत, त्याला जेवण म्हणतात. पुढच्या मंगळवारी मी भाकरी, ठेचा आणि कांदा घेऊन गेले. बाईनं सगळं खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढत खाल्लं, आणि म्हणाली, आजोबांबद्दलची माझी दया आता कमी झाली.

एक वाक्य मात्र ती वाचायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. त्यांच्या देवळात एक विधी असतो, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. सगळ्यांनी गुडघे टेकून ओळीनं बसायचं आणि एकाच पेल्यातून प्यायचं. पुस्तकात होतं की ह्या बिशपच्या देवळांत सगळ्या जातींची माणसं एका ओळीत बसून एकाच पेल्यातून प्यायची, आणि त्या काळात हे दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. बाई म्हणाली, माझ्या घराण्यात अभिमान बाळगावा अशी ही एक गोष्ट आहे.

आम्ही कोण आहोत हे तिला माहीत नव्हतं. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती होती, ती तिनं पाहिली होती. पण अमेरिकेत कुणाच्याही घरात बुद्ध असतो, लोक बागेत ठेवतात. माझा आजा कधीकाळी आमच्या गावच्या पाद्र्याकडं जात होता आणि मग जायचा बंद झाला, एवढं मी लहानपणी ऐकलेलं. का बंद झाला ते कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी ते वाक्य ऐकून मला वाटलं, आजा उगाच माघारी आला. चुकलंच त्याचं.

मार्च लागला. बर्फ वितळून सगळा चिखल झाला तेव्हा बाईनं सांगितलं की ती घर विकतेय. मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांच्या एका वसतिगृहात राहायला जाणार. मागं कुणी नाही, म्हणून आजोबांचा एक पेला ती आपल्या चर्चला देणार होती. ईस्टरच्या रविवारी सगळ्यांसमोर द्यायची, त्या दिवशी त्याच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं, आणि नंतर तो काचेच्या कपाटात ठेवायचा, खाली अक्षरं छापलेलं कार्ड. एवढं एकच काम तिला हातून नीट व्हायला हवं होतं.

तिनं मऊ फडक्यातून पेला काढला. आपला पितळी पेला, हातभर काही नाही, वीतभर उंचीचा, आतली कल्हई गेलेली. तिची आई सांगायची की साहेब देश सोडून निघाले तेव्हा लोकांनी रडत रडत त्यांना हा दिला आणि त्यावर त्यांच्या भाषेत आशीर्वाद कोरला. तो आशीर्वाद काय, हे इतक्या वर्षांत कुणी वाचून दिलं नव्हतं. "मावशी," ती म्हणाली, "तू वाचशील?"

इथं माझं सांगावं लागेल. मी शाळेत गेलेली नाही. आमचे हे बाजारपेठेत भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. छोटी छिन्नी, छोटी हातोडी, आणि टिंबाटिंबाचं अक्षर. लग्नात आलेला हंडा असो की नवी ताटली, आपल्याकडं नाव घातल्याशिवाय भांडं घरात जात नाही; एरवी पंक्तीत गेलेलं परत कसं यायचं? मी त्यांना डबा न्यायची आणि बसायची. बघून बघून मला अक्षर आलं. 'चि. सौ. कां.' हे माझं पहिलं वाचन. पुढं गर्दीच्या दिवसांत मी कोळशानं भांड्यावर नाव लिहून द्यायची आणि हे त्यावरून छिन्नी मारायचे. ज्या घरांच्या उंबऱ्याआत ह्यांना कुणी घेतलं नसतं, त्या घरांच्या देवघरात ह्यांच्या हातची अक्षरं जाऊन बसली आहेत. ह्यांना त्याची गंमत वाटायची.

तर झिजलेलं अक्षर कसं वाचायचं ते मला ठाऊक. मी बाईकडं मैदा मागितला, चिमूटभर पेल्यावर चोळला, वरचा पुसून टाकला. टिंबांत पांढरं भरून राहिलं. मी पेला खिडकीकडं धरला.

'महारवाडा.' बास. एवढंच.

देवाचं नाव नाही, साहेबाचं नाव नाही, देणाऱ्याचं नाही. मी पेला फिरवून सगळीकडून बघितला. दुसरं एक टिंब नव्हतं. आणि असं नाव भांड्यावर कधी घालतात हे मला जसं माहीत होतं तसं त्या खोलीत कुणालाच नव्हतं. ते भांडं दुसऱ्या भांड्यात मिसळू नये म्हणून घालतात.

मी सुनेकडं बघितलं. तिनंही वाचलं होतं. बाई आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. सुनेनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मला त्यातले दोन शब्द कळले, गॉड आणि चिल्ड्रन. बाईनं डोळे मिटले, मग सुनेला जवळ घेतलं, मग मला. मग ते कार्डावर लिहून घेतलं.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

"देवाच्या लेकरांसाठी, असं."

"ते कुठं लिहिलंय?"

"आई, जाऊ द्या ना. ऐंशी वर्षांची बाई आहे. घर सुटतंय तिचं. आणि महारवाडा म्हणजे काय ते तिला सांगायचं म्हणजे किती सांगायचं? मग ती विचारणार, तुम्हाला कसं माहीत. ती सगळ्या गल्लीला बोलावणारे त्या दिवशी. समोरच्या काकू येणार."

समोरच्या काकू म्हणजे पुण्याच्या. स्वभावानं चांगल्या, मी आजारी असताना मऊभात घेऊन आलेल्या. पण आल्या की आमचं मूळ गाव कुठलं, गावात कुठल्या बाजूला, माहेरचं आडनाव काय, असं गोल गोल फिरत यायच्या. सून प्रत्येक वेळी विषय बदलायची, पोळ्यांच्या कणकेवर न्यायची. ती लपवत होती असं मी म्हणणार नाही. दमत होती.

"आपण त्यातलेच ना?" मी म्हटलं.

"आहोतच. पण मी इथं परत तिथूनच सुरुवात नाही करणार, आई."

तिच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. एका म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून बोलली, थोडं आपल्यासाठी बोलली. पण ईस्टरला लोक त्या पेल्याला तोंड लावणार आणि वर देवाच्या लेकरांचं कार्ड. माझ्या आज्याला मी मनातल्या मनात चूक ठरवलं होतं, तेही टोचायला लागलं.

आणि मला ह्यांची एक गोष्ट आठवत राहिली. एकदा एक मास्तर आले, म्हणाले, शाळेचा एक लोटा आहे, नाव घालायचंय. हे हो म्हणाले. नाव काय ते आधी विचारलंच नाही, शब्द देऊन बसले. मास्तरांनी चिठ्ठी पुढं केली. पाण्याचा लोटा, आमच्या पोरांसाठी वेगळा ठेवायचा, त्यावर आमच्याच वस्तीचं नाव. ह्यांनी ते घातलं. एक एक टिंब स्वतःच्या हातानं. संध्याकाळी मला म्हणाले, मी नसतं केलं तर त्यांनी दुसऱ्याकडून घालून घेतलं असतं. मी म्हटलं, हो. मग म्हणाले, पण मग ते माझ्या हातचं नसतं. त्यानंतर आयुष्यभर हे आधी नाव विचारायचे, मग हातोडी उचलायचे.

तर मी ठरवलं, आणि सुनेला सांगून, पण तिला न घेता, एकटी बाईकडं गेले. माझं इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू आणि टीव्हीवर ऐकलेले चार शब्द. रस्त्यात जुळवत गेले आणि दारात सगळे विसरले.

मग मी बोललेच नाही. तिच्या कपाटातून चांगला काचेचा ग्लास काढला, पाणी घातलं, तिच्यापुढं ठेवला. पितळी पेला घेतला, त्यातही पाणी घातलं, आणि तो टेबलाच्या पार टोकाला, दाराजवळच्या खुर्चीपुढं ठेवला. आणि त्या खुर्चीवर जाऊन बसले. बाई हसली, शेजारची खुर्ची थोपटली, इकडं ये म्हणाली. मी मान हलवली. पेल्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "धिस कप, माय पीपल. ओन्ली माय पीपल." तिच्या ग्लासाकडं बोट केलं. "अदर पीपल, अदर कप."

तिनं नीट बघितलं. पेल्याकडं, माझ्याकडं, मधल्या लांब टेबलाकडं.

"इन चर्च?" तिनं विचारलं.

"यस, बाई."

ती रडली नाही. उठली, माझ्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसली आणि सुनेला फोन लावला. सून कणकेचे हात तसेच घेऊन आली. बाईनं तिला विचारलं, खोटं का सांगितलंस? सून म्हणाली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. बाई म्हणाली, "मला वाईट वाटायलाच हवं होतं. ते तू कसं ठरवलंस?" मग बाईनंच तिला टॉवेल दिला, हात पूस म्हणाली, आणि तळघरात चल म्हणाली. साहेबाच्या हातच्या डायऱ्या तिथं खोक्यात होत्या. अक्षर किचकट म्हणून तिनं त्या कधी धड वाचल्या नव्हत्या. छापलेलं पुस्तक होतं ना.

मग दोन आठवडे रोज. कपडे धुवायच्या मशीनशेजारी तीन खुर्च्या टाकून आम्ही बसायचो. बाई भिंग लावून एक एक शब्द उकलायची, सून लिहून घ्यायची, मी चहा करायची, दूध घालून उकळलेला. आणि सापडलं.

साहेब तरुण होता तेव्हाचं एक पान होतं. एका गावात महारवाड्यातली बरीच घरं ख्रिस्ती झालेली, आणि वरच्या आळीतली दोन. ती दोन घरं म्हणाली, आम्ही देवळात येतो, शेजारी बसतोही, पण त्यांच्या तोंडचा पेला पिणार नाही. प्यायला लावाल तर येणार नाही. साहेबानं लिहिलं होतं, हा एक पावसाळा दोन पेले असू देत, हळूहळू सवय होईल. पुढं बिशप झाल्यावर त्यानं सगळ्या पाद्र्यांना पत्र पाठवलं, पेला एकच ठेवा. त्या गावच्या पाद्र्यानं कळवलं, साहेब, इथं शांतता आहे, कशाला ढवळता. साहेबानं ढवळलं नाही. मग वर्षामागून वर्षं त्या गावचं नाव यायचं तेव्हा नुसतं गावाचं नाव आणि वारलेल्यांची यादी. पेल्याचं एक अक्षर नाही.

आणि निघायच्या आधीचं शेवटचं पान. साहेब काठी टेकत त्या गावी गेला. प्रार्थना झाली, दोन्ही पेले फिरले. शेवटी उरलेला द्राक्षारस पाद्र्यानं संपवायचा असतो. साहेबानं पितळी पेला उचलला, तोंडाला लावून रिकामा केला, पुसला आणि कोटाच्या खिशात घातला. पाद्री संध्याकाळपर्यंत पेला शोधत होता आणि साहेब तिथंच खुर्चीवर बसून त्याला शोधू देत होता. खाली लिहिलं होतं की हे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं.

बाईनं भिंग खाली ठेवलं. म्हणाली, म्हणजे कुणी दिला नव्हता. चोरून आणला.

मला त्या साहेबाचा राग यायला हवा होता. आला नाही असं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं तो खुर्चीत बसलेला म्हातारा आला, खिशावर हात ठेवून, आणि त्याच्या शेजारी आमचे हे, हातोडी घेऊन. दोघांनीही आपल्या हातानं केलं आणि दोघांनाही ते पचलं नाही. माझा आजा का माघारी आला असेल, हेही मला तिथंच मशीनशेजारी कळलं. म्हणजे खात्री नाही. पण असंच काही असणार.

बाईनं पेला माझ्या हातात दिला. म्हणाली, हा चर्चचा नाही, तुझा आहे, तू ने. मी परत दिला. सुनेला म्हटलं, तिला सांग, असलं वेगळं भांडं आमच्या वाट्यातून जायला शंभर वर्षं लागली, आता घरात कशाला घेऊ? तिनं द्यायचं ठरवलंय तर द्यावा. फक्त कार्ड बदलावं.

कार्डावर वर मी मराठीत लिहिलं, भांड्यावर आहे तेवढंच. खाली सुनेनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, पेला कशासाठी होता आणि कुणी उचलून आणला. बाईनं एक ओळ वाढवली, की तो उचलायला त्यांना फार उशीर झाला. त्या पेल्यातून त्या दिवशी कुणी प्यायचं नाही, असंही तिनंच त्यांच्या पाद्र्याला सांगितलं.

त्या वर्षी ईस्टर आणि आमची चौदा एप्रिलची जयंती एकाच आठवड्यात आली. मी जयंतीसाठी काढलेलं पांढरं लुगडं ईस्टरला पण नेसले. चर्च भरलं होतं. समोरच्या काकू तिसऱ्या बाकावर, काका टाय लावून. बाई उभी राहिली, आजोबांचं आयुष्य थोडक्यात सांगितलं, विंचू, नीळ, दुष्काळ, आजीचं मरण, काही वगळलं नाही. मग पेला वर धरला आणि म्हणाली, ह्यावर काय लिहिलंय ते माझी शेजारीण वाचून दाखवेल.

ती माझ्याकडं बघत होती. पण उठली सून. मी उठत होते, माझ्या दंडावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि पुढं गेली. आधी म्हणाली की मी हे पहिल्यांदा चुकीचं वाचून दाखवलं होतं, मुद्दाम. मग वाचलं, महारवाडा. मग ती म्हणाली, म्हणजे जिथं माझी माणसं राहत होती.

नंतर खाली कॉफी होती. काकू सुनेजवळ आल्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी सरळ विचारलं नाहीत, काकू."

काकूंनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, केक घेतलास का, आणि स्वतः जाऊन ताटली भरून घेऊन आल्या. त्याचा अर्थ काय लावायचा तो मी अजून लावते आहे. पण मूळ गावाची चौकशी त्या दिवसापासून थांबली.

मे महिन्यात बाईचं घर रिकामं झालं. सामान गेलं, एक छोटी पेटी राहिली. निघताना ती पायरीवर बसली, मी पलीकडं, सून मधे.

"मावशी, मला एक सांग," तिनं विचारलं. "त्यांनी पेला आणल्यावर, पुढच्या रविवारी, त्या गावात लोक एकाच पेल्यातून प्यायले असतील का?"

सुनेनं हे मला सांगितलं आणि गप्प बसली. पूर्वी असती तर उत्तर तिनंच देऊन टाकलं असतं. मला आठवली बाजारातली ती पायरी, ओळीनं मांडलेले पेले.

"बाईंना सांग," मी म्हटलं, "नवा आणला असेल. पितळी पेला मिळायला काय उशीर लागतो? नाव घालायला माझ्या नवऱ्यासारखा कुणीतरी बसलेलाच असतो."

सुनेनं जसंच्या तसं सांगितलं. बाई हसली, आणि हसता हसता तिनं माझा हात धरला. म्हणाली, मलाही तेच वाटतं. आजोबांनाही माहीत असणार. तरी त्यांनी तो परत नाही दिला.

मग तिनं बूट उचलले, उलटे केले, खांबावर दोनदा आपटले, आत नीट डोकावून बघितलं, पायात घातले आणि गाडीत जाऊन बसली.